वजन कशासाठी हवंय?

प्रति,
काटामालक व मुख्य आकडेकार,
हमरस्त्यावरचा साठ टनी भुईकाटा
(नाव लिहीत नाही. ज्याचं त्याला कळेल, आणि गावाला आधीच कळलेलं आहे.)

विषय : बदल केलेल्या पिकअपचं खरं वजन मिळण्याबाबत

शेठ,
स. न. वि. वि.

पंचक्रोशीत भुईकाटे पुष्कळ झाले. कारखान्याचा झाला, वीटभट्टीवाल्यांचा झाला, भंगारवाल्यांचे तर दोन-दोन झाले. पण या सगळ्या काट्यांना एक मोठा दोष आहे. गाडी चढली की ते आकडा दाखवतात. माणूस कोण, गाव कुठलं, काम कसलं, कसलीच चौकशी नाही. आपला काटा तसा उतावळा नाही. गाडीचं पुढचं चाक अजून डांबरावर असतं, तोवर खिडकीतून प्रश्न येतो, "वजन कशासाठी हवंय?"

असा प्रश्न विचारायला मोठं मन लागतं. शिंप्यानं टेप लावण्याआधी "लग्नाचा शिवायचा की तालमीचा?" असं विचारावं आणि त्या हिशेबानं छातीचं माप लिहावं, इतकी ही सेवा खास आहे. "आरटीओसाठी" म्हटलं की आपला आकडा आरसी बुकाकडे बघतो. "कांद्यासाठी" म्हटलं की व्यापाऱ्याकडे बघतो. "भंगारासाठी" म्हटलं की भंगारवाल्याकडे. फक्त प्लॅटफॉर्मवर उभ्या असलेल्या गाडीकडे बघायला त्याला सवड होत नाही.

माझी अडचण तशी क्षुल्लक. मागच्या हंगामात एक जुनी पिकअप घेतली. आधीचा मालक हौशी. कंपनीनं दिलेली गाडी त्याला फारच उघडीबोडकी वाटली असावी. त्यानं हौद्यात चेकर प्लेट ठोकली, फाळक्यांवर अँगलचा कठडा उभा केला, ताडपत्रीसाठी पाइपाच्या कमानी बसवल्या, पुढे गार्ड लावला आणि मागच्या पाट्यांत जादा पाटे सरकवले. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, त्यातला प्रकार. कागदावर मात्र गाडी कारखान्यातून निघाली त्या दिवशीचीच राहिली. आरसीवर रिकामं वजन १,६८० किलो, भरून एकूण २,९९० किलो. वजाबाकी केली की माल १,३१० किलो.

ही वजाबाकी आता खोटी आहे, हे कळायला इंजिनिअर लागत नाही. किती खोटी आहे, हे कळायला काटा लागतो.

कळून घ्यायला कारणही होतं. मोटार वाहन कायदा, १९८८, त्याचं कलम ५२ सांगतं की उत्पादकानं ठरवलेला तपशील बदलेल असे फेरफार मालकानं परस्पर करायचे नाहीत. कलम ११३ त्याच्याही पुढे जातं. आपण सगळे समजतो की कायदा मोडतो तो जादा माल भरल्यावर. पण हे कलम एक पायरी आधीच अडवतं. रिकाम्या गाडीचं वजन आरसीवरच्या रिकाम्या वजनापेक्षा जास्त असेल, तर ती गाडी रिकामीसुद्धा रस्त्यावर आणायची नाही. म्हणजे माझ्या पिकअपनं कांद्याची एक गोणी न उचलता गुन्हा केलेला होता. म्हणून जादा लोखंड कापून उतरवायचं ठरवलं. किती उतरवायचं ते कळावं, यासाठी आधी आजचं वजन हवं होतं. एवढीशी गरज घेऊन मी आपल्या दारी आलो.

आपला काटा जवळून बघण्यासारखा आहे. प्लॅटफॉर्म आणि बाजूची काँक्रीटची भिंत यांच्यामध्ये मोकळी फट असावी लागते. प्लॅटफॉर्म कुठंही न अडकता खाली दबला, तरच गाडीचा सगळा भार खालच्या लोडसेलवर येतो. कडेला अडकला तर थोडा भार भिंतच परस्पर खाऊन टाकते. आपल्या फटीत मुरूम आहे, उसाचं पाचट आहे, गुटख्याच्या पुड्या आहेत आणि एक एरंडाचं रोप आहे. रोप चांगलं गुडघाभर वाढलंय. खड्ड्यात पावसाचं पाणी साठलेलं असल्यामुळे त्याला वेगळं पाणी घालावं लागत नाही. प्लॅटफॉर्मवर चिमणीसुद्धा बसलेली नसताना केबिनमधल्या लाल आकड्यांत ४० दिसत होते. मी बोट दाखवलं तर आपला पोऱ्या म्हणाला, "ते तसंच दाखवतं. मागनं वजा करतो." कुणाच्या मागनं, ते तो बोलला नाही.

भिंतीवर गणपतीचा फोटो, फोटोला हार, हाराखाली काट्याच्या पडताळणीचं प्रमाणपत्र. हार ताजा होता.

मग आपण स्वतः आलात. प्रश्न झाला. "आरटीओच्या कामासाठी," मी म्हणालो. "मग आरसी द्या ना." आपण आरसी डोळ्यांजवळ धरलीत, कीबोर्डवर दोन बोटं आपटलीत आणि पावती बाहेर आली : रिकामं वजन १,६८० किलो. प्लॅटफॉर्मकडे आपण मान वळवलीसुद्धा नाहीत. मी डिस्प्ले बघायला पुढे झालो, तर त्याचं तोंड तोवर भिंतीकडे फिरलेलं. "उन्हाची तिरीप येते," आपण म्हणालात. आभाळ भरून आलं होतं, पण मालकाशी वाद कोण घालणार?

शेठ, रिमोटनं काट्याचा आकडा हलवणाऱ्या टोळ्या पकडल्याच्या बातम्या आपण वाचल्या असतील. कुणी वायरीत चिप बसवतो, कुणी खिशात बटण घेऊन फिरतो. आपण त्या भानगडीत पडला नाहीत. वजन थेट हातानं टाइप करता. सगळीकडे यंत्रं बोकाळलेली असताना हस्तव्यवसाय जिवंत ठेवल्याबद्दल आपलं अभिनंदन करायला हवं.

घरी येऊन मी कागद-पेन्सिल घेतली. पोलाद घनमीटरला सुमारे ७,८५० किलो भरतं, म्हणजे तीन मिलिमीटर जाडीचा साधा पत्रा चौरस मीटरला साडेतेवीस किलो. वरच्या नक्षीमुळे चेकर प्लेट पंचविसाच्या आसपास जाते. हौद्यात ती सव्वाचार चौरस मीटर आहे : १०६ किलो. ५० बाय ५० बाय ५ चा अँगल मीटरला ३.८ किलो भरतो. कठड्याला तो कापून-जोडून तीस मीटर लागलाय : ११४ किलो. इथंच २२० झाले. पाटे, गार्ड, कमानी अजून बाजूलाच आहेत. हे सगळं लोखंड आपल्या काट्यावर चढलं आणि अंतर्धान पावलं. उद्या मी ते कापून काढलं आणि गाडी परत आणली, तरी पावती १,६८० चीच निघणार. मानापमान, सुखदुःख आणि २२० किलो लोखंड यांनी विचलित न होणारं असं यंत्र अख्ख्या महाराष्ट्रात नसेल. उतरवलेलं लोखंड भंगारात विकायला निघालो की भंगारवाला त्याचं वजन आपल्याकडेच करायला लावणार. तेव्हा तेच लोखंड किती भरेल याचा अंदाज बांधायला मी धजत नाही. शून्याच्या खाली जाऊ नये, एवढीच प्रार्थना.

पण आपण एकसुरी नाही, हेही कबूल केलं पाहिजे. तीच पिकअप कांदे भरून आपल्या दारी आली तेव्हा आपली वेगळीच तऱ्हा दिसली. पद्धत सगळ्यांना माहीत आहे. लिलाव होतो, भरलेली गाडी काट्यावर जाते, मग व्यापाऱ्याच्या खळ्यावर माल खाली होतो, रिकामी गाडी परत काट्यावर येते. भरलेल्यातून रिकामं वजा केलं की कांदा. भरलेल्या गाडीच्या वेळी आपला माणूस माझ्या ड्रायव्हरला म्हणाला, "दादा, खाली या जरा, सही करा." रिकाम्या गाडीच्या वेळी तोच म्हणाला, "बसा बसा, उतरू नका, लगेच होतंय." किती हा आदर! शेतकऱ्याच्या ड्रायव्हरला "बसा" म्हणणारी जागा तालुक्यात दुसरी नाही.

त्या दिवशी पावतीवर माझी रिकामी गाडी २,०१० किलोची झाली.

ड्रायव्हर सत्तर किलोचा आहे. भरलेल्या वजनात तो नव्हता, रिकाम्या वजनात होता. म्हणजे वजाबाकीत बरोबर सत्तर किलो कांदा नाहीसा झाला. क्विंटलला १,५०० रुपये भाव धरला तरी १,०५० रुपये गेले. एका दुपारी, जागेवर बसून, सालीसकट एवढा कांदा पचवणारा ड्रायव्हर माझ्या पदरी आहे हे मला आपल्यामुळे कळलं. ज्या दिवशी ड्रायव्हर सडपातळ असतो त्या दिवशी आपण खळ्यावरचे हमालही प्लॅटफॉर्मवर उभे करता, असं लोक सांगतात. लोकांचं काय, लोक काहीही सांगतात. मी फक्त पावत्या जपून ठेवतो.

आता दोन्ही पावत्या शेजारी ठेवा. गाडी तीच, काटा तोच, हौद्यात एक कांदाही नाही. आरटीओसाठी १,६८०, कांद्यासाठी २,०१०. सत्तर किलोचा ड्रायव्हर बाजूला काढला तरी २६० किलोंचा फरक उरतोच. काटे चुकतात, त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. यंत्र आहे, धूळ बसते, उंदीर वायर कुरतडतात, लोडसेल पाण्यात जातो. पण चुकणारा काटा कधी इकडे चुकतो, कधी तिकडे. आपला काटा चुकत नाही, झुकतो. आणि दर वेळी त्याच माणसाकडे झुकतो, ज्याच्या गाड्या रोज येतात. मी हंगामापुरता गिऱ्हाईक. व्यापारी बारमाही, बॉडी वाढवून देणारे गॅरेजवाले बारमाही, कागद करून देणारे एजंट बारमाही. "वजन कशासाठी हवंय?" या प्रश्नाचा खरा अर्थ एवढाच, की आज कुणाकडे झुकायचं ते सांगा.

कायद्यानं काट्याला किती माणुसकीनं वागवलंय, ते आपल्याला माहीत नसेल असं नाही, पण उजळणी करून देतो. वैधमापन कायदा २००९ चा, त्याखालचे सर्वसाधारण नियम २०११ चे. दहा-दहा किलोंच्या टप्प्यानं मोजणारा आपल्यासारखा काटा असेल, तर पाच टनांपर्यंतच्या वजनाला पडताळणीच्या वेळी अर्ध्या टप्प्याची, म्हणजे पाच किलोची, चूक माफ असते. वापरातल्या काट्याला त्याच्या दुप्पट, दहा किलो. शिवाय दोनशे किलोंच्या खालचं वजन अशा काट्यावर करूच नये, कारण तिथं त्याचा भरवसा नसतो. आपल्याकडे पन्नास किलोची गोणीसुद्धा मोजून मिळते, तीही छापील पावतीसह. भुईकाट्याची फेरपडताळणी दर बारा महिन्यांनी करून घ्यायची, शिक्का मारून घ्यायचा आणि प्रमाणपत्र दिसेल असं लावायचं. शेवटची अट आपण पाळली आहे. हार थोडा बाजूला केला की प्रमाणपत्र दिसतं आणि त्यावरचं सालही दिसतं.

बारा महिने जाचक वाटत असतील तर एक जुनी गोष्ट सांगतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात वजनमापांवर देखरेख करणारा पौतवाध्यक्ष नावाचा अधिकारी आहे. त्याच्या राज्यात वजनमापांची तपासणी दर चार महिन्यांनी होई आणि बिनशिक्क्याचं वजन वापरणाऱ्याला दंड बसे. दोन हजारांहून अधिक वर्षांत आपण चारावरून बारावर आलो, ही केवढी सवलत! आपण तीही घेतली नाहीत. स्वाभिमान असावा तर असा.

नंतर मी तालुक्याच्या गावी एका दुसऱ्या काट्यावर गेलो. तिथला काटेवाला फारच निरस माणूस निघाला. त्यानं काहीही विचारलं नाही. आधी रिकाम्या प्लॅटफॉर्मचा आकडा शून्य आहे हे खिडकीबाहेर लावलेल्या डिस्प्लेवर दाखवलं. ड्रायव्हरला खाली उतरवलं, कारण कायद्यातल्या रिकाम्या वजनाच्या व्याख्येत गाडीसोबत नेहमी असणारं सामान धरतात, ड्रायव्हर आणि क्लीनर धरत नाहीत. म्हणून स्टेपनी आणि जॅक गाडीतच राहू दिले आणि सीटमागे विसरलेली पाण्याची कॅन तेवढी काढायला लावली. इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सैल. मग गाडी प्लॅटफॉर्मच्या एका टोकाला उभी केली, मग मध्ये, मग दुसऱ्या टोकाला. आकडे आले १,९४०, १,९४० आणि १,९५०. "एका कोपऱ्याचा सेल जरा जड बोलतो, सर्व्हिसवाल्याला बोलावलंय," तो म्हणाला. स्वतःच्या काट्यातली खोट गिऱ्हाइकाला सांगणारा धंदेवाला मी पहिल्यांदा पाहिला. असा माणूस धंद्यात टिकेल कसा?

मी म्हणालो, पुढची आणि मागची चाकं वेगवेगळीही मोजू या. आपल्याकडे हेच म्हणालो होतो तेव्हा आपण हसला होतात : "अख्खी गाडी चढतेय की, तुकडे कशाला?" त्यानं केलं. पुढची चाकं १,०२०, मागची ९२०. बेरीज १,९४०, अख्ख्या वजनाशी जुळली. बेरीज जुळली नसती तर चढाव आणि प्लॅटफॉर्म एका पातळीत नाहीत, असं समजायचं. तुकडे करून मोजण्याचा दुसरा फायदा मोठा आहे. मागच्या धुऱ्यावर रिकामेपणीच किती भार आहे ते कळलं, की त्यावर किती टाकायचा ते ठरवता येतं. टायरच्या कडेवर छापलेल्या लोड इंडेक्सशी ताडून बघता येतं. हौद्यातली चेकर प्लेट आणि कठडा यांचा बहुतेक भार मागेच बसलाय, हे त्या आकड्यावरून दिसलं. डिझेल किती आहे, तेही त्यानं पावतीवर लिहून घेतलं. डिझेल लिटरला किलोभर भरत नाही, साधारण ८३० ग्रॅम भरतं, तरी पन्नास लिटरचा फरक पडला तर चाळीसेक किलो इकडचे तिकडे होतात. पुढच्या वेळी काटा खोटा की टाकी भरलेली, असा वाद नको म्हणून.

तर माझी गाडी १,९४० किलोची आहे. आरसीपेक्षा २६० किलो जास्त. कागद-पेन्सिलीचे २२० आणि उरलेले पाटे-गार्ड-कमानींचे. लोखंडानं हिशेब सोडला नव्हता. सोडला होता तो आपल्या कीबोर्डनं.

आपण म्हणाल, २६० किलोंचं एवढं काय? सांगतो. गाडी भरून २,९९० च्या वर जायला नको, तर माल १,३१० नाही, १,०५० च बसतो. आपली पावती खिशात घालून कुणी बिनधास्त १,३१० भरले, तर गाडी ३,२५० किलोची होऊन कसारा घाट उतरणार. जादा पाटे टाकले की ताकद वाढते, असं गॅरेजवाला सांगतो. पाट्यांनी गाडी मागून वाकत नाही, एवढंच. ब्रेक तेच राहतात, धुरा तोच, टायर तेच. उलट गाडी वाकलेली दिसली असती तर निदान जास्त भरल्याचं डोळ्यांना कळलं असतं. पाट्यांनी डोळ्यांची सोय काढून घेतली, आणि आपण काट्याची. आता सांगायला उरतात फक्त ब्रेक, आणि ते घाटात सांगतात.

कायद्याचंही एक गमतीचं कलम आहे, ११४. रस्त्यावर अधिकाऱ्याला गाडी जास्त भरलेली वाटली, तर पुढच्या वाटेपासून दहा किलोमीटरच्या आतल्या काट्यावर ती न्यायला तो सांगू शकतो. जास्त निघाली तर जादा माल तिथंच उतरवायचा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात दंड वीस हजार रुपये आणि जादा भरलेल्या प्रत्येक टनाला वर दोन हजार. आता कल्पना करा, त्या दहा किलोमीटरांत पहिला काटा आपलाच लागला. ज्या काट्याच्या भरवशावर माल भरला, त्याच काट्यावर तो जास्त ठरणार! त्या दिवशी आपण "वजन कशासाठी हवंय?" हे कुणाला विचारणार, आणि साहेबांकडे झुकणार की माझ्याकडे, याचं मला कुतूहल आहे. माझी पैज साहेबांवर आहे.

एवढं सगळं लिहूनही मी आपला काटा बंद पाडायला निघालेलो नाही. रात्री दोन वाजता कांदा घेऊन येणाऱ्याला आपल्याकडे दिवा दिसतो, ही सोय खरी आहे. माझं मागणं थोडं आहे. फट साफ करा. एक सकाळ आणि एक खोरं, खर्च एवढाच. डिस्प्लेचं तोंड बाहेर करा, म्हणजे गाडी चढण्याआधीचं शून्य आणि चढल्यावरचा आकडा गिऱ्हाइकाला दिसेल. भरलेली असो की रिकामी, दोन्ही वेळा ड्रायव्हर खाली. बसवायचाच असेल तर दोन्ही वेळा वर. वजाबाकी तरी सुखरूप राहील. रिकामं वजन आरसीवरून, पाठांतरावरून किंवा कालच्या पावतीवरून लिहू नका. रस्त्यावरच्या निम्म्या पिकअपना कुणी ना कुणी लोखंड लावलंय, आणि त्या सगळ्या आपल्या पाठांतरात अजून शोरूममध्येच उभ्या आहेत. शेवटचं, वैधमापनवाल्यांना बोलावून शिक्का मारून घ्या. ते आले की कोपऱ्या-कोपऱ्यावर प्रमाणित वजनं ठेवून बघतील. घाबरू नका, ते आरसी मागत नाहीत.

माझ्या गाडीचं म्हणाल, तर गॅरेजमध्ये कटर लागलाय. कठडा उतरला, आता चेकर प्लेट आणि जादा पाटे निघतील. येत्या सोमवारी गाडी आपल्याकडे आणतोय. त्याआधी तालुक्याच्या काट्यावर तिचं वजन झालेलं असेल आणि पावती माझ्या खिशात असेल. आपण आरसी मागू नका, मी देणार नाही. प्लॅटफॉर्मच्या तिन्ही जागी गाडी उभी करीन आणि आकडा बाहेरून वाचीन. दहा किलोंच्या आत जुळला, तर काट्याचे दुप्पट पैसे देईन आणि चावडीवर आपलं नाव घेऊन कौतुक करीन. नाही जुळला, तर वैधमापन निरीक्षकांच्या नावानं अर्ज टाइप करून ठेवलाय. दोन्ही जुन्या पावत्या त्याला टाचून झाल्या आहेत. तिसऱ्या पावतीचा नंबर तेवढा भरायचा राहिलाय.

कळावे, लोभ असावा. आणि तो सगळ्या गिऱ्हाइकांवर सारखा असावा.

आपला,
१,९४० किलोवाला

ता. क. : फटीतलं एरंडाचं रोप सोमवारच्या आत उपटलंत तरी चालेल. त्याचा फोटो काढून ठेवलाय.